तिसरी खाच

किल्ली करणाऱ्याने गिऱ्हाईकाला काही विचारायचं नसतं, असं त्याला त्याच्या उस्तादाने शिकवलं होतं. "विचारलंस की माणूस खोटं बोलणार," उस्ताद म्हणायचा, "आणि खोटं ऐकून किल्ली करून दिलीस की तूही त्यात आलास. त्यापेक्षा तोंड बंद आणि डोळे उघडे." उस्तादाला जाऊन वीस वर्षं झाली. किल्लीवाल्याने तोंड बंद ठेवलंच, पण डोळे असे उघडे ठेवले की झोपेतही ते पुरते मिटत नाहीत, असं त्याची बायको म्हणे. "तू आरशातल्या माणसाकडेसुद्धा ओळखपत्र मागशील," हेही तिचंच.

दुकान दोन इमारतींच्या फटीत बसवलेलं, रुंदीला जेमतेम एका दाराएवढं. पाठीमागच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या शेकडो कोऱ्या किल्ल्या, पुढे फळी, फळीवर घासायचं यंत्र आणि कानशी. तिथे बसलं की अख्खी गल्ली समोरून जाताना दिसे. आणि गल्ली म्हणजे तरी काय! जगाच्या पाठीवरून जो जो उठला आणि ज्याला दुसरीकडे जागा मिळाली नाही, तो तो इथे येऊन टेकलेला. एका जिन्यात सात भाषा. दुकानांच्या पाट्या अशा लिप्यांत की अर्ध्या गल्लीला उरलेली अर्धी वाचता येत नसे. शिव्या मात्र सगळ्यांना सगळ्यांच्या येत. 'कसे आहात' तेवढं कुणाला कुणाचं येत नव्हतं.

किल्लीवाला याच गल्लीत वाढला होता. पाच वर्षांपूर्वी त्याने दोन बस बदलाव्या लागतात इतक्या लांब, लिफ्टवाल्या इमारतीत घर घेतलं. दुकान इथेच राहिलं, आणि समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर त्याची आत्याही इथेच राहिली. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. आत्याने लग्न केलं नाही, इस्पितळाच्या धुलाईखान्यात तीस वर्षं चादरी धुतल्या आणि त्याला मोठं केलं. आता तिची ऐंशी उलटली होती. तो तिला रोज दुकानातून वर बघून हात करी आणि रविवारी जिने चढून जाई. मधल्या दिवशी जायला गुडघे नको म्हणत, असं तो म्हणे.

"एकदा जरी पडलीस ना, आत्या," तो तिला बजावत असे, "तर तुझं काही ऐकणार नाही. उचलून घरी घेऊन जाईन."

"मी इथून उतरेन ती चौघांच्या हातांवरून," आत्या म्हणायची. "तुझ्या त्या लिफ्टमध्ये मला गुदमरायला होतं."

हे इतकं नेहमीचं झालं होतं की दोघंही ते चहा ढवळता ढवळता बोलत. कुणाच्या मनात त्याचं काय होत असेल, ते कुणी विचारत नसे.

तर एका सोमवारी कोपऱ्यावरचा खाटीक दुकानात आला. दांडगा, मानेवर घडी असलेला माणूस. गल्लीत बारा वर्षं होता, पण त्याला आपल्या बोलीतले चार शब्दही धड येत नव्हते. त्याने निळ्या दोऱ्यात ओवलेली किल्ली फळीवर ठेवली आणि एक बोट वर केलं. म्हणजे एक करून हवी. किल्लीवाल्याने ती उचलली, सवयीने दातांवरून अंगठा फिरवला, आणि अंगठा तिसऱ्या खाचेत अडला.

ती खाच त्याची स्वतःची होती. दहा वर्षांपूर्वी आत्याच्या दाराला कुलूप त्यानेच बसवलं होतं. किल्ली घासताना कानस घसरली आणि तिसरी खाच नको तितकी खोल गेली. त्या जातीची कोरी किल्ली त्या दिवशी एकच उरली होती. मग त्याने उलटंच केलं: कुलूप उघडलं आणि आतला खटका त्या चुकीला जुळेल असा बसवला. धंद्यात ही मान खाली घालायला लावणारी गोष्ट. त्याने ती कुणाला, अगदी बायकोलाही सांगितली नव्हती. तशी तिसरी खाच जगात एकाच दाराची होती.

आत्याच्या दाराची किल्ली खाटकाकडे कशी?

तोंडावर आलेला प्रश्न त्याने गिळला. नाही म्हटलं तर हा दुसरीकडे जाऊन करून घेईल, वर सावधही होईल. त्याने किल्ली करून दिली. खाटीक निघाला, रस्त्याच्या मधोमध थांबला, मान वर करून आत्याच्या खिडकीकडे पाहिलं आणि मग आपल्या दुकानात गेला.

बुधवारी बसवाली आली. ही शहराची बस चालवणारी बाई आत्याच्या बरोबर खालच्या खोलीत राहत असे. पहाटे कामावर जायची, दहाच्या सुमारास घरी यायची. गणवेशाच्या खिशातून तिने किल्ली काढली. तोच निळा दोरा, तीच खाच. "एक," ती म्हणाली. शनिवारी रंगारी आला, बुटांवर पाच रंगांचे शिंतोडे घेऊन. त्यानेही तीच किल्ली ठेवली.

आता एखाद्या सरळ माणसाला वाटलं असतं की वर जावं आणि आत्याला विचारावं. पण किल्लीवाल्याच्या मनात पाल चुकचुकली होती, आणि त्याच्या मनातली पाल एकदा बोलू लागली की इतर कुणाला बोलू देत नसे. आत्याला विचारावं तर ती म्हणणार, बिचारे चांगले आहेत. म्हातारपणी माणूस मऊ होतो, कुणीही गोड बोलून गळ्यात पडतं. तिघं तिच्या पिशवीतून किल्ली काढून आळीपाळीने वापरत असणार आणि परत ठेवत असणार. तिच्याकडे सोन्याच्या दोन बांगड्या होत्या. शिवाय खोली होती, आणि या भागात रिकामी खोली सोन्याच्या वरताण. तिघं तीन मुलखांचे, तीन भाषांचे. त्यांना एकमेकांशी बोलताना त्याने कधी पाहिलं नव्हतं, आणि हेच त्याला सगळ्यात जास्त खटकलं. उघड बोलत नाहीत म्हणजे आतून बोलत असणार.

रविवारी तो वर गेला. आत्या चहा करत होती तोवर त्याने खोलीवर नजर फिरवली. भिंतीवरचं घड्याळ जागेवर. बांगड्यांचा डबा जागेवर, आत बांगड्या दोन. चमचे मोजले, तेही सहाच्या सहा. पण जे आधी नव्हतं ते दिसू लागलं. दाराआड पुरुषाची मोठी छत्री. ओट्यावर बरणी, तिच्या झाकणावर न वाचता येणारी अक्षरं. दोन खुर्च्यांच्या जागी तीन. चोर घरातून वस्तू नेतात. इथे आणून ठेवत होते. असले चोर त्याने पाहिले नव्हते, आणि म्हणूनच तो जास्त घाबरला.

आत्या कप घेऊन आली तेव्हा बाही वर सरकली आणि कोपरावर मोठा काळानिळा डाग दिसला.

"हे काय?"

"कपाटाला लागलं."

कपाटाला कोपर लागतं ते असं? कुणीतरी दंड धरून हिसका दिला असेल, त्याच्या मनात आलं. त्याने चहा घेतला.

"काय शोधतोयस मघापासून?" आत्याने विचारलं.

"काही नाही. सहज."

आत्याने कप खाली ठेवला. "बाळ्या, काही विचारायचं असेल तर विचार."

"छे! काय विचारायचंय?"

"बघ बाबा," ती म्हणाली आणि त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

पुढचा आठवडा त्याने डोळ्यांत तेल घालून काढला. सोमवारीच त्याला एक गोष्ट सापडली. आत्याच्या खिडकीत पिवळा मग ठेवलेला असायचा, इनॅमलचा, कडेला टवका उडालेला. सकाळी नऊच्या आत तो तिथे येई आणि अंधार पडताना आत जाई. साधा मग! पण खाटीक दुकानाची फळी उघडून झाली की वर बघे. रंगारी शिडी खांद्यावर घेऊन जाताना वर बघे. बसवाली दहाला परतताना दारात थांबून वर बघे. मग दिसला की तिघंही आपापल्या वाटेने जात, चेहऱ्यावर काही नाही. म्हणजे तो मग ही खूण होती. कसली, ते त्याला कळेना. मग असला तर येऊ नका? की म्हातारी झोपली आहे, या?

घरी बायकोला त्याने सगळं सांगितलं.

"मग आत्यांनाच विचार ना," ती म्हणाली.

"तिला काय कळतंय? तिला बोलायची भीती वाटत असेल."

"तुला विचारायची वाटते, तिला बोलायची. छान घराणं आहे."

दुसऱ्या रविवारी तो हत्यारांची पेटी घेऊनच चढला. जुनं कुलूप काढलं, दुकानातलं सगळ्यात भारी नवं बसवलं, आणि दाराला आतून लोखंडी पत्रा ठोकला. आत्या खुर्चीवर बसून बघत होती.

"जुन्याला काय झालं होतं?"

"झिजलं होतं."

"दहा वर्षांत? तू तर म्हणाला होतास, मला पुरून उरेल."

तो स्क्रू पिळत राहिला. तिने स्वतःहून सांगावं म्हणून तो थांबला होता. त्याने विचारावं म्हणून ती थांबली होती.

"आणि जुन्या किल्ल्या?" शेवटी ती म्हणाली.

"कुठल्या जुन्या किल्ल्या? तुझी एक, माझी एक." त्याने मुद्दाम तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. "ही घे नवी. दुसरी माझ्याकडे."

"दोन-तीन जास्तीच्या दे की."

"या कुलपाच्या होत नाहीत."

किल्लीवाल्याच्या तोंडी हे वाक्य! आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला लहानपणी चोरून खाल्लेली साखर आठवली. पण ती "बरं" एवढंच म्हणाली. घरी गेल्यावर त्याने जुन्या किल्लीची आपली प्रत भंगाराच्या डब्यात टाकली. त्या रात्री त्याला दोन आठवड्यांत लागली नव्हती अशी झोप लागली.

ती झोप दोन दिवस टिकली. मंगळवारी बसवाली दुकानात आली आणि तिने फळीवर नवीकोरी किल्ली ठेवली, निळ्या दोऱ्यात ओवलेली. "तीन," ती म्हणाली.

किल्लीवाल्याच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. काय हिंमत! दोन दिवसांत हिने नवी किल्लीही हस्तगत केली! आत्याला दम दिला असणार, नाहीतर आत्या आपल्या हाताने देईल?

"यंत्र बंद," तो म्हणाला.

बसवालीने यंत्राकडे पाहिलं. ते घरघरत होतं. दुसऱ्या कुणाची अर्धी किल्ली त्याच्या दाढेत होती. तिने काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. वर बोट दाखवलं, डोक्याभोवती हात फिरवला, डोळे मिटून मान कलती केली. झोपेचं औषध, असा त्याने अर्थ लावला. त्याने किल्ली तिच्या तळहातावर ठेवून तिला रस्ता दाखवला. शुक्रवारी पोलिसांत जायचं त्याने ठरवून टाकलं. गुरुवारी घाऊक बाजारातून माल आणायचा होता, म्हणून शुक्रवार.

गुरुवारी सकाळी तो शहराच्या दुसऱ्या टोकाला कोऱ्या किल्ल्या निवडत होता तेव्हा खिशात फोन वाजू लागला. अनोळखी नंबर. त्याने घेतला नाही. अनोळखी नंबर घेणाऱ्यांचं काय होतं ते त्याने ऐकलं होतं. दुसरा नंबर. तिसरा. दुकानाच्या शटरवर त्याचा नंबर हातभर अक्षरांत रंगवलेला होता, तो गिऱ्हाइकांसाठी. पण गिऱ्हाईक काही लागोपाठ अकरा वेळा फोन करत नाही. नक्कीच कुणीतरी फसवणारं, त्याने ठरवलं आणि फोनचा आवाज बंद केला.

अकराच्या आत तो गल्लीत परतला. सवयीने वर पाहिलं. खिडकीत मग नव्हता.

खाटकाचं दुकान बंद होतं. बारा वर्षांत भर सकाळी ते बंद पाहिल्याचं त्याला आठवेना. मालाची पिशवी शटरपाशीच टाकून तो जिना चढू लागला. तिसऱ्या मजल्यावर असतानाच वरून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. त्याची गुडघेदुखी कुठे गेली ते गुडघ्यांनाच ठाऊक. शेवटच्या तीन पायऱ्या त्याने एका झेपेत घेतल्या.

तिघंही तिथे होते. खाटीक पहार दाराच्या फटीत घालून रेटत होता. रंगारी गुडघ्यांवर बसून पत्र्याखाली खरवडणी सरकवत होता. बसवाली गणवेशात, हातात जुन्या कुलपाची किल्ली.

"सापडलात!" तो ओरडला. "दिवसाढवळ्या! हलू नका कुणी!"

तिघं वळले. त्याला पाहून त्यांच्या चेहऱ्यांवर जे उमटलं ते त्याने नीट पाहिलं असतं तर प्रकरण तिथेच संपलं असतं. पण तो हातांकडे बघत होता. खाटकाने पहार सोडली आणि ओठांवर बोट ठेवलं. गप्प राहा, म्हणतोय! मला धमकावतोय!

"मी नाही गप्प बसणार! किल्ल्या काढा आधी! सगळ्यांच्या!"

"आत," बसवाली म्हणाली. "पडली. टक, टक. ऐक."

"मला सांगू नकोस! किल्ल्या!"

रंगाऱ्याने आधी दिली. मग बसवालीने. खाटीक दारासमोरून हलेना. त्याने किल्लीवाल्याच्या मुठीकडे बोट दाखवलं, मग कुलपाकडे. ती मूठ खिशात होती आणि मुठीत नवी किल्ली होती. म्हणजे यांना मीच दार उघडून हवंय, त्याला वाटलं. दार उघडलं की मला ढकलून आत शिरणार.

"आधी सगळे खाली जा! खाली! मग बघू!"

बसवाली तिच्या भाषेत काहीतरी ओरडली, रंगारी त्याच्या. खाटकाने शेवटी खिशातून किल्ली काढून त्याच्या पायाशी फेकली, आणि तो दांडगा माणूस चक्क रडू लागला. रडताना आवाज होऊ नये म्हणून त्याने तोंडावर पंजा दाबला, आणि त्या शांततेत किल्लीवाल्याला ते ऐकू आलं. दाराच्या आत, खाली जमिनीजवळ, चमचा फरशीवर वाजत होता. टक. टक. थांबून पुन्हा टक. मग अगदी बारीक आवाज:

"बाळ्या. उघड रे."

किल्ली कुलपात घालायला त्याला तीनदा प्रयत्न करावे लागले. आत्या ओटा आणि कपाट यांच्या मध्ये पडली होती, एक पाय विचित्र वळलेला, आणि पिवळा मग घरंगळून खुर्चीखाली गेलेला. तिघं त्याला बाजूला सारून आत शिरले. बसवालीने तिच्या डोक्याखाली आपला कोट घातला. खाटकाला पाण्याचं भांडं कुठे आहे ते न विचारता ठाऊक होतं. रंगाऱ्याने खिडकी उघडली. किल्लीवाला हातात तिघांच्या किल्ल्या घेऊन उंबऱ्यात उभा होता आणि त्या खोलीत परका फक्त तोच होता.

अँब्युलन्स त्यांनी आधीच बोलावली होती. पण तिचं स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर बसेना, म्हणून आत्याला जाड चादरीत घेऊन खाली न्यायचं ठरलं. चार कोपरे होते. तीन तिघांनी धरले. चौथ्यापाशी खाटकाने त्याच्याकडे पाहून मान हलवली, तेव्हा त्याने धरला. चौघांच्या हातांवरून आत्या खाली उतरली. तिचं म्हणणं एवढ्यापुरतंच खरं ठरावं म्हणून तो चार मजले देवाची करुणा भाकत राहिला.

ती वाचली. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी त्यात सळई घातली. तिसऱ्या दिवशी ती उशीला टेकून बसली आणि म्हणाली, "सकाळी आठला पडले. चक्कर आली. महिनाभर येतेय."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू उचलून नेणार होतास ना?" ती म्हणाली. "म्हणून त्या तिघांना सांगितलं. त्यांना खुणेने शिकवलं, की मग खिडकीत असला तर मी उभी आहे. नसला तर या. बसवालीला सारखी काळजी, ती बरणी तिचीच. नवी किल्ली तू करून देईनास, तेव्हा ती तिने मला परत आणून दिली. छत्री त्या खाटकाची, एकदा माझ्यापाशी थांबला आणि विसरून गेला. खुर्ची रंगाऱ्याने आणली. त्याला जमिनीवर बसवत नाही."

"पण किल्ल्या माझ्याकडेच कशाला करायला पाठवल्यास? मी ओळखणार हे..."

"ओळखावंस म्हणूनच पाठवल्या!" आत्याचा आवाज चढला आणि दुखल्यामुळे पुन्हा खाली आला. "त्या खाचेचं मला माहीत नाही का? दीड तास कुलूप उघडून घाम पुसत बसला होतास. दहा वर्षं मी ती चूक रोज फिरवतेय. माझ्या तोंडाने मला सांगवेना, बाळ्या, की मी आता पडते. म्हटलं, किल्ली बघशील, धावत वर येशील, विचारशील, आत्या हे काय चाललंय? मग सांगितलं असतं. एकदा पाठवली, दोनदा पाठवली, तीनदा पाठवली. तू आलास, चमचे मोजलेस आणि गेलास."

त्याने पाण्याचा पेला भरून तिच्यापुढे धरला.

"तू त्या दिवशी आलास ते मला पावलांवरून कळलं. शेवटच्या तीन पायऱ्या एकदम घेतोस, लहानपणापासून. म्हटलं, सुटले. समोर घड्याळ होतं. अकराला पाच मिनिटं होती. दार उघडलं तेव्हा अकरा वाजून दोन मिनिटं झाली होती. तीन तास पडले होते, त्याचं काही नाही. पण ती सात मिनिटं, बाळ्या. तू दाराशी होतास, किल्ली तुझ्याकडे होती, आणि तू लोकांना खाली पाठवत होतास."

त्याने तिचे पाय धरले, मोडलेला नव्हता तोच धरला, आणि लहान पोरासारखा रडला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. माफ केलं असं मात्र ती म्हणाली नाही.

दीड महिन्याने ती वॉकर घेऊन घरी आली, स्वतःच्याच घरी. लिफ्टचा विषय कुणी काढला नाही. किल्लीवाल्याने पत्रा उखडून काढला. नवं कुलूप उतरवलं आणि जुनं पुन्हा बसवलं, आतल्या वाकड्या खटक्यासकट. तिघांच्या किल्ल्या त्याच्या दुकानाच्या खणात तशाच होत्या. त्याने एकेक लावून पाहिली. तिन्ही वळल्या.

"माझी मी टाकून दिली होती," तो आत्याकडे न बघता म्हणाला. "माझ्यासाठी एक करू का?"

आत्याच्या भुवया वर गेल्या. "विचारतोयस?"

"विचारतोय."

"मला काय विचारतोस? रोज वर कोण बघतं? त्या तिघांना विचार."

तो खाली उतरला. खाटीक सुरी परजत होता. किल्लीवाल्याने त्याची किल्ली त्याच्यापुढे ठेवली. मग खिशातून कोरी किल्ली काढली, तिच्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीकडे, मग वरच्या खिडकीकडे. एक बोट वर केलं.

खाटकाने किल्लीकडे पाहिलं. मग त्याच्या हातांकडे, मग तोंडाकडे, आणि बराच वेळ तो तोंडाकडेच बघत राहिला. आपण गिऱ्हाइकांकडे असंच बघत आलो, हे किल्लीवाल्याला त्या वेळी कळलं, आणि आपल्याकडे कुणी तसं बघितलं की कसं वाटतं तेही कळलं. खाटीक हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही. सुरी खाली ठेवून, हात पुसून तो बसवालीला आणि रंगाऱ्याला बोलवायला रस्ता ओलांडून गेला.

वर खिडकीत पिवळा मग होता. कोरी किल्ली हातात धरून किल्लीवाला खाटकाच्या दुकानाबाहेर थांबून राहिला.